पाण्याची बाटली आणि मध्यरात्रीचा मालकंस

(दृश्य : मोकळ्या मैदानाचं प्रवेशद्वार. संध्याकाळचे पाच. बॅरिकेडमधून वळत गेलेली रांग.)

गाणं सुरू व्हायला अजून दोन तास आहेत. रांग मात्र केव्हाची लागलीय आणि ती येऊन थांबते या टेबलापाशी. लोखंडी पायांचं टेबल, त्यावर निळा प्लास्टिकचा क्रेट. क्रेटमध्ये अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, दोन घडीच्या छत्र्या, डिओ, पॉवर बँक, कुणाच्या तरी पर्समधून निघालेली चिक्की. शेजारी कचऱ्याची काळी पिशवी, तोंडापर्यंत भरत आलेली.

सुरक्षारक्षकाच्या हातात लॅमिनेट केलेली यादी आहे. कुणी हुज्जत घातली की तो यादी पुढे धरतो. बोलत फारसा नाही.

"आजी, डबा आत चालत नाही."

"अहो दादा, शुगर आहे मला. वेळेवर खावं लागतं."

"मग इथंच खाऊन घ्या आजी. एकदा आत गेलात की परत बाहेर सोडत नाहीत."

आजी रांगेतून बाजूला होतात, बॅरिकेडला टेकून डबा उघडतात आणि थालीपीठाचे दोन घास घाईघाईने खातात. रक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. यादी त्याने केलेली नाही. ती कुणी केली आणि कुणाच्या भल्यासाठी केली, हे आपल्याला बघायचंय.

(दृश्य : रमणबाग शाळेचं मैदान, आजचं. मग जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

उघड्यावर बसून गाणं ऐकणं पुण्याला नवं नाही. १९५२ मध्ये गायक सवाई गंधर्व गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाचा हा महोत्सव पुण्याच्या थंडीचा भाग होऊन गेला. रमणबागेच्या मैदानावर मांडव पडायचा आणि गाणं रात्रभर चालायचं. लोक स्वेटर, कानटोपी, शाल, उशी, थर्मास असा संसार घेऊन यायचे. भारतीय बैठकीत एकदा जागा धरली की ती पहाटेपर्यंत आपली. मध्ये पेंग आली तर तिथंच आडवं व्हायचं. शेजारी कोण बसलंय ते माहीत नसलं तरी थर्मासचं झाकण भरून त्याच्यापुढे धरायचं. शेवटच्या रात्रीनंतरच्या पहाटे खुद्द भीमसेनजी गायला बसायचे आणि त्यासाठी माणसं रात्र जागून काढायची.

आज महोत्सवाच्या नावात गुरूसोबत शिष्याचंही नाव आहे. २०१८ पासून तो मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. दुपारी सुरू होतो आणि रात्री दहाला मिटतो. शनिवारचं सत्र तेवढं बारापर्यंत.

वेळेचं हे बंधन आलं ते ध्वनिप्रदूषण नियमांमुळे. केंद्र सरकारचे हे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं, त्यापुढे नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या कडक अंमलबजावणीचा आदेश दिला. त्या पंधरा दिवसांतही गणपती, नवरात्र, दिवाळी अशा सगळ्यांचे वाटे असतात.

आता घड्याळ बाजूला ठेवून हा हिशेब रागांच्या बाजूने करून बघा. आपल्या संगीतात रागाला वेळ आहे. बागेश्री रात्र चढल्यावर. दरबारी मध्यरात्रीचा. मालकंस, अडाणा त्यानंतरचे. पहाट जवळ आली की सोहनी, परज, मग ललित. म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत संगीताचा एक अख्खा प्रदेश येतो, आणि उघड्या आभाळाखाली तो ऐकण्याची वाट आता जवळपास बंद झालीय. बंद सभागृहाला नियमात सूट आहे, तिथे मालकंस अजूनही मध्यरात्री गाता येतो. पण भिंतींच्या आत, वातानुकूलित हवेत, खुर्चीत बसून. डिसेंबरच्या थंडीत, दव पडत असताना ऐकलेला मालकंस वेगळा असतो. ज्यांनी तो तसा ऐकलाय ते आता बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढे आहेत. आजच्या विशीतल्या मुलांना तो उघड्यावर, त्याच्या वेळेला मिळालेलाच नाही. मला या सगळ्यात हे सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सुंदर आहे. रात्री सुरू होणाऱ्या मैफलीत मुलतानीसारख्या दुपारच्या रागाला जागा कुठून असणार? दुपारी तीनला पडदा उघडायला लागल्यावर मुलतानी आला, भीमपलास आला, पटदीप, मधुवंती आले. ऊन कलताना मांडवाच्या कनातीवर तिरपा प्रकाश पडलेला असताना मारवा किंवा श्री ऐकायला मिळतो, हे या नियमाचंच देणं आहे.

मात्र घड्याळाने गाण्याच्या आत शिरकाव केलाय. दहाला ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद. आधीच्या कलाकाराने दहा मिनिटं जास्त घेतली तर ती शेवटच्या कलाकाराच्या ताटातून जातात, आणि शेवटचा कलाकार बहुधा सर्वांत ज्येष्ठ असतो. विलंबित ख्यालाची, म्हणजे संथ लयीत हळूहळू फुलत जाणाऱ्या गाण्याची, बढत रंगात यावी आणि गायकाची नजर विंगेतल्या घड्याळाकडे जावी, याने श्रोत्यांनाही त्रास होतो. पूर्वी कलाकाराचा मूड लागला तर मैफल वाढायची. आता मूड लागला तरी वेळ वाढत नाही.

(दृश्य : मैदानालगतच्या इमारतीच्या गॅलरीतून दिसणारा रंगमंच. काचेच्या खिडक्या.)

तरीही शास्त्रीय संगीताला या नियमातून वगळा, असं मी म्हणणार नाही. कॅमेरा घेऊन जरा या बाजूला या. मैदानाच्या कुंपणापासून ही इमारत हाकेच्या अंतरावर आहे. कुणाकडे दहावीचं वर्ष आहे, कुणाकडे बायपास होऊन आलेले आजोबा आहेत, कुणाला पहाटेच्या पाळीला जायचंय. त्यांनी झोप मागितली तर "हा डीजे नाही हो, दरबारी आहे" हे उत्तर होऊ शकत नाही. झोप सगळ्यांची सारखी.

नियमात आवाजाचे आकडेही आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. कार्यक्रमाच्या मैदानाच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहाने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. म्हणजे निवासी भागात दिवसा हद्दीवर ६५. पुण्याच्या कुठल्याही मोठ्या चौकात नुसती वाहनं याच्या वर जातात. अशा ठिकाणी साउंडवाल्याचं कसब लागतं. समोर स्पीकरची एकच भिंत उभी करून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा, की मैदानात ठिकठिकाणी छोटे स्पीकर लावून प्रत्येक भागाला हवा तेवढाच द्यायचा? दुसऱ्या पद्धतीत खर्च जास्त, मेहनत जास्त, पण आतल्याला स्पष्ट ऐकू येतं आणि बाहेरच्याच्या काचा हलत नाहीत. कोथरूड असो की म्हात्रे पूल ते राजाराम पूल रस्त्यावरची लॉन्स, भांडण बहुतेक वेळा खर्जातल्या आवाजावरून पेटतं. तो भिंतीतून आरपार जातो, छातीत धडधडतो आणि नेहमीच्या मोजणीत कमी भरतो, कारण ती मोजणी खालच्या पट्टीतल्या आवाजाला मुळातच कमी वजन देते. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो आणि मीटरही खोटं बोलत नसतो.

(दृश्य : कोरेगाव पार्क, आजची वर्दळ.)

बॅगांच्या तपासणीबद्दल पुणेकराला फार सांगावं लागत नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत ठेवलेल्या एका बॅगेत स्फोट झाला, १७ जीव गेले. २०१२ च्या १ ऑगस्टला जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा स्फोट झाले. त्यानंतर गर्दीच्या कार्यक्रमाला मोठी बॅग आत सोडू नये, यावर वाद घालणारा माणूस मला भेटलेला नाही. २०१० मध्येच पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि २०१६ मध्ये सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव गोव्याहून पुण्याजवळच्या केसनंदला आला. नव्या धर्तीचे मोठे महोत्सव आणि कडक तपासणी या शहरात हातात हात घालून वाढले.

गर्दी मोजून आत सोडण्यालाही कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात खुल्या रंगमंचावर गाण्याचा कार्यक्रम होता. पाऊस आला, बाहेरचे लोक आत घुसले, पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली आणि चौघांचा जीव गेला. ज्या नियमाने असं मरण टळतं, त्यासाठी मी रांगेत तासभर उभी राहायला तयार आहे.

पण पाणी?

(दृश्य : पुन्हा निळा क्रेट, जवळून.)

फेकून मारण्याची भीती म्हणून बाटली नको, असं सांगतात. ठीक. मग आत विकतात ती बाटली कशाची असते? झाकण काढून देतात म्हणे. मग माझ्याही बाटलीचं झाकण काढा आणि मला आत जाऊ द्या. डबा नको, फळ नको, एकदा आत गेलं की बाहेर नको, आणि आत सगळं मनगटाच्या पट्टीत भरलेल्या पैशांवर. हे नियम सुरक्षेच्या यादीत छापलेले असतात. त्यांच्यामुळे सुरक्षा किती वाढते ते मला दिसत नाही. स्टॉलचा गल्ला वाढतो ते दिसतं. स्टॉलचं भाडं हा आयोजकाच्या खर्चाचा आधार असतो, हेही मान्य. पण मग तसं स्वच्छ सांगावं, तिकिटात धरावं. बॉम्बच्या भीतीमागे चिक्की लपवू नये.

आणि पाण्याचा प्रश्न गल्ल्यापुरता राहत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जण दगावल्याचं सरकारने सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला भर उष्म्यात झालेल्या गाण्याच्या कार्यक्रमात एक तरुण मुलगी कोसळली आणि गेली. तिथे पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नव्हते. त्यानंतर तिथल्या सरकारला प्रेक्षकांना पाणी आणू द्या, असा आदेश काढावा लागला. पुण्यात हवा बरी असते ही समजूत मार्च उजाडला की फसते. दुपारी दोनपासून रांगेत उभ्या असलेल्या मुलाला त्याचं पाणी जवळ ठेवू द्यायला कुणाची परवानगी लागू नये. आत फुकट पाण्याचे नळ किंवा जार असावेत आणि ते कुठे आहेत हे तिकिटावरच्या नकाशात छापलेलं असावं.

काही नियम ऐनवेळी येतात, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोथरूडला पंजाबी गायक दिलजीत दोसांझचा कार्यक्रम होता. स्थानिकांचा विरोध झाला, आणि मद्यविक्रीची परवानगी कार्यक्रमाच्या तोंडावर रद्द झाली. दारू नसल्याने गाणं काही अडलं नाही. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की शेजाऱ्यांशी बोलणं शेवटच्या दिवसापर्यंत लांबवलं की सगळे निर्णय भांडणातूनच होतात.

एक नियम मात्र मला मनापासून हवाय, आणि तोच सर्वांत कमी पाळला जातो. गाणं चालू असताना मोबाइल वर धरायचा नाही. आलापी सुरू असताना समोर पन्नास पडदे उजळलेले असले की मागच्याला गायकाचा चेहरा दिसत नाही. थालीपीठ पकडणारी यंत्रणा इथे मात्र हात बांधून उभी असते.

(दृश्य : हिंजवडीहून शहराकडे येणारी संध्याकाळची वाहनं.)

या सगळ्यात कोण गळतं, तेही बघायला हवं. दहाला संपवायचं म्हणून तीनला सुरू करायचं, तर हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी बुधवार ते शुक्रवार येऊच शकत नाही. बाहेर जाऊन परत येता येत नाही, म्हणून तान्ह्या बाळाची आई येत नाही. डबा चालत नाही, म्हणून शुगरवाल्या आजी पुढच्या वर्षी विचार करतात. उरतात ते धडधाकट, मोकळ्या वेळेचे आणि खिशात पैसे असलेले. रमणबागेतल्या रात्रीच्या गर्दीत यापेक्षा जास्त पुणं होतं.

म्हणून एक सुचवायचंय. कायद्याने रात्र घेतली, पण सकाळी सहानंतरची वेळ मोकळी ठेवलीय. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. म्हणजे सहा ते सात हा अंधाराचा, बोचऱ्या थंडीचा तास नियमात बसतो, आणि त्या तासात ललित आहे, भटियार आहे, रामकली आहे, उजाडता उजाडता भैरव आहे. दिवाळी पहाटेला सारसबागेत जाणाऱ्या पुण्याला पहाटे उठून गाणं ऐकायला शिकवावं लागणार नाही. दोन-तीनशे माणसांना छोटे स्पीकर पुरतात. आवाज कुंपणाच्या आत ठेवता येतो, आणि शेजारच्या सोसायटीला आठवडाभर आधी भेटून पासही देता येतात. नऊला संपलं की नोकरदारांना उरलेला दिवस मोकळा, बाळं घरी, आजींची औषधं वेळेवर. पुण्यात गाण्याची मंडळं कमी नाहीत आणि शाळांची मैदानं रविवारी रिकामीच असतात. यातल्या एखाद्याने येत्या हिवाळ्यात चार रविवार हे करून बघावं.