हातात घ्यायच्या गोष्टी

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला माझे लाडके चार-पाच व्हिडिओ गेम सुचवणार आहे, आणि रेडिओवर चित्र काही दाखवता येत नाही, म्हणून सुरुवात आवाजापासूनच करते. इथे टेबलावर मी स्टीलचा चमचा ठेवतेय, ऐका. (टक्) आणि आता तोच चमचा या दुमडलेल्या रुमालावर. (थांबा) कळला ना फरक? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला विच बीम नावाची एक छोटीशी टीम आहे, त्यांनी एवढ्याशा फरकासाठी १४,००० च्या वर आवाज तयार केले. म्हणजे चमचा लाकडावर, चमचा फरशीवर, चमचा ड्रॉवरमध्ये, मग कप, मग पुस्तक, मग टूथब्रश, प्रत्येकाचा आवाज वेगळा. गेमचं नाव अनपॅकिंग, २०२१ साली आला, आणि त्यात करायचं काय तर खोकी उघडायची आणि सामान लावायचं. बास. मारामारी नाही, घड्याळ मागे लागलेलं नाही.

एका मुलीची आठ घरं आहेत, पहिलं १९९७ मधलं, तिची लहानपणीची खोली, आणि शेवटचं २०१८ मधलं. ती स्वतः कुठेच दिसत नाही, कुणी बोलत नाही, दिसतं फक्त तिचं सामान, आणि तेवढ्यावरून ती कोण आहे, काय शिकली, कुणाबरोबर राहायला गेली, सगळं आपल्याला कळत जातं. मी पुण्यात नऊ वर्षांत सहा खोल्या बदलल्यात, कर्वेनगर, वारजे, परत कर्वेनगर असं करत करत, दर वेळी छोटा हत्ती बोलवायचा, गादी दोरीने बांधायची, मिक्सर मांडीवर घेऊन पुढे बसायचं, त्यामुळे हा गेम मला जरा जास्तच आतून कळला असेल. पण एक प्रसंग सांगते, थोडं गुपित फुटेल, माफ करा, हा सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

२०१० चं घर आहे. ती मित्राच्या फ्लॅटवर राहायला गेलीये. फ्लॅट चकचकीत, पण सगळीकडे त्याचं सामान, आपल्या वस्तूंसाठी त्याच्या वस्तू सरकवून सरकवून जागा करावी लागते. मग खोक्यातून तिचं पदवीचं सर्टिफिकेट निघतं, फ्रेम केलेलं. आपण ते भिंतीवर लावायला जातो, जागा नाही. कपाटावर ठेवतो, गेम म्हणतो इथे नाही. मी तर बाथरूममध्येसुद्धा ठेवून बघितलं. आणि मग कळतं की ते एकाच ठिकाणी बसतं, पलंगाखाली. मी ते सर्टिफिकेट माझ्या हाताने, माऊसने ओढत ओढत पलंगाखाली सरकवलं आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नव्हतं, पण हे घर तिचं नाहीये हे मला कळलं होतं.

मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे बघा. सिरीज मीही बघते, रात्री तीन-तीन एपिसोड बघते, रडतेही. पण तिथे बाईने सर्टिफिकेट पलंगाखाली ठेवलं तर ते तिने ठेवलं असतं. इथे मी ठेवलं. गोष्ट हातात घेतली की ती वेगळीच वागते, आणि हे ओळखून गेम बनवणारी माणसं बहुतेक छोट्या टीममधली असतात, दोन जण, पाच जण, कधी एकटाच माणूस. त्यांनाच आपण इंडी म्हणतो.

आता दुसरा गेम, आणि यात माझी आई येणार आहे. गेमचं नाव वेण्बा. वेण्बा हा तमिळमधला जुना छंद, आपल्याकडे ओवी असते तसा, आणि आपण जसं मुलीचं नाव ओवी ठेवतो तसं या गेममधल्या बाईचं नाव वेण्बा आहे. १९८० च्या दशकात ती आणि तिचा नवरा पावलन कॅनडाला गेलेत, मग त्यांना कवीन नावाचा मुलगा होतो. टोरांटोच्या विसाई गेम्सने हा २०२३ मध्ये काढला, पुढच्या वर्षी त्याला पहिल्या गेमसाठीचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार, मिळाला. यात करायचा असतो तो स्वयंपाक. वेण्बाकडे तिच्या आईची रेसिपींची वही आहे, पण ती फाटलीये, डाग पडलेत, शाई पुसट झालीये, त्यामुळे अर्धी कृती वाचता येते आणि अर्धी आपण डोकं लावून शोधायची.

पहिलाच पदार्थ इडली. मी पीठ घातलं, इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक चढवल्या, आणि चुकलं. परत चढवल्या, परत चुकलं. आई मागे लसूण सोलत बसली होती, तिने चष्म्यातून बघितलं आणि म्हणाली, अगं ताटली फिरव ना, इडलीवर इडली येऊन कसं चालेल, वरच्या ताटलीची भोकं खालच्या इडलीवर यायला हवीत, नाहीतर तिला फुगायला जागा कुठंय. फिरवली. झाली इडली. त्यानंतर लॅपटॉप आईच्या मांडीवर गेला तो गेलाच. तिने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, साधा फोनवरचासुद्धा नाही, आणि इथे ती पुट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ, कसा रचतात त्यावर माझ्याशी वाद घालत होती.

मला स्वतःला त्यातली भाषा फार आवडली. म्हणजे बघा, घरात तमिळमध्ये बोलतात तेव्हा ती माणसं भरभरून बोलतात, आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की वाक्यं तुटतात. मुलगा मोठा होतो तसा तमिळ बोलायला कचरतो. आई तिच्या भाषेत विचारते, तो त्याच्या भाषेत उत्तर देतो. ज्यांची मुलं, भाचरं अमेरिकेत, इंग्लंडमध्ये वाढतायत ना, व्हिडिओ कॉलवर आजी मराठीत बोलते आणि तिकडून येस, ओके, बाय एवढंच येतं, त्यांना हा गेम समजावून सांगायची गरज नाही. आणि हो, स्वयंपाकाला सुरुवात झाली की त्या घरात रेडिओ लागतो! तमिळ सिनेमाच्या वेगवेगळ्या काळांच्या चालीची गाणी खास या गेमसाठी बनवलीयेत. रेडिओवरून हे सांगताना मला किती छान वाटतंय ते तुम्हाला आवाजावरून कळत असेलच.

एक विनंती मात्र आहे. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम घेतला, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात. सोय चांगली आहे, लॅपटॉपवर चाललाच नाही तर जरूर वापरा. पण वेण्बा संपतोच साधारण दीड तासात. पूर्ण खेळून, रडून, मग पैसे परत मागू नका प्लीज. त्या दीड तासामागे त्या लोकांची काही वर्षं आहेत.

आता पुण्याचा विषय काढते. राजी नावाचा गेम आपल्या पुण्यात बनलाय, नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या टीमने, २०२० साली आला, आणि अजूनही मी कुणाला सांगितलं की समोरचा म्हणतो, पुण्यात? खरंच? हो, खरंच. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, मग टीममधल्या एकाने स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. २०२० च्या द गेम अवॉर्ड्स या पुरस्कारांमध्ये पहिल्या गेमच्या विभागात त्याला नामांकन होतं. गोष्ट अशी की राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस उचलून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलत असतात. हे आपसातलं बोलणंच मला सगळ्यात आवडतं. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलात की त्यामागच्या कथा ऐकू येतात, गडाच्या तटावरून ती कोलांटी मारत जाते, हातात त्रिशूळ. नंतरच्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये हिंदी आवाजही आहेत. मारामारी मधेमधे तीच ती वाटते, आणि शेवट फारच अचानक येतो, मी स्क्रीनकडे बघतच राहिले की एवढंच? पण तरी खेळा. कमळांच्या तळ्याकाठी उभं राहून कुणीतरी आपल्या मातीतली गोष्ट एवढ्या निगुतीने रंगवलीये हे बघताना जे वाटतं ते मला परदेशी गेममध्ये मिळत नाही. मराठीत बोलणारी राजी कधी ऐकायला मिळेल ते माहीत नाही, मी वाट बघतेय.

स्टारड्यू व्हॅलीबद्दल खूप जणांना आधीच माहीत असेल, म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ बसून हा बनवला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचं, संवाद त्याचे, आणि त्या काळात तो सिएटलच्या एका थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम करत होता. २०१६ च्या फेब्रुवारीत गेम आला, पुढे काही कोटी प्रती खपल्या, आणि तरी तो अजून नवीन भर घालतो ती फुकट देतो. कंपनीतल्या नोकरीला कंटाळलेल्या आपल्याला आजोबांचं पत्र मिळतं, त्यांची पडीक शेती आपल्या नावावर असते, आणि सुरुवातीला पंधरा बिया मिळतात पार्सनिपच्या, म्हणजे गाजराच्या घराण्यातलं एक पांढरं कंद. एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा. झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, त्यामुळे चला अजून एकच दिवस, अजून एकच दिवस करत करत रात्रीचे दोन वाजतात.

आमची शेती आहे, गावाकडे, सोयाबीन आणि तूर. मला आधी वाटलं होतं की बाबांना हा गेम दाखवला तर ते रागावतील, की शेती म्हणजे काय खेळ आहे का. दिवाळीत दाखवला. त्यांनी मला एकच विचारलं, पाऊस कधी पडणार ते कळतं का. म्हटलं हो बाबा, सकाळी घरातला टीव्ही लावायचा, त्यावर उद्याचा अंदाज सांगतात. आणि खरा ठरतो? म्हटलं ठरतो. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, लाव तुझं ते कंद, बघू किती दिवसात येतं. चार दिवसात आलं. बाबा एवढे खूश झाले की त्यांनी आईला हाक मारून दाखवलं.

सेलेस्ट मात्र वेगळ्या लोकांसाठी आहे, ज्यांना अवघड आवडतं त्यांच्यासाठी. २०१८ चा गेम, मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. माझा मामेभाऊ स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, दिवसभर अभ्यासिकेत, दोनदा पूर्वपरीक्षा गेलीये त्याची, आणि गेल्या वर्षी तो माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याला धड झोपही लागत नव्हती. त्याला मी हा लावून दिला. यात आपण मरतो. शेकड्याने मरतो, पण मेल्यावर एका सेकंदात तिथेच परत उभे, गेम ओव्हरची पाटी नाही, मागे ढकलणं नाही. मॅडलिनलाही धास्तीचे झटके येतात, आणि केबल कारमध्ये अडकलेली असताना तिचा एक मित्र तिला सांगतो की समोर एक पीस आहे अशी कल्पना कर आणि श्वासाने ते तरंगत ठेव. आणि ते पीस तिथे आपण स्वतः बटण दाबून वर-खाली सांभाळायचं असतं. भावाने तो भाग खेळला आणि मला म्हणाला, ताई, हे मी खरंच श्वास घेऊन करत होतो. नंतर अभ्यासाला बसायच्या आधी मी त्याला तसं करताना पाहिलंय, डोळे मिटून.

त्यात असिस्ट मोडही आहे हं, वेग कमी करता येतो, मरणं बंद करता येतं. वापरा बिनधास्त. आणि एक बारीक गंमत, कड्याच्या कडेवरून पाय सुटल्यावरही अगदी क्षणभर उडी मारता येते. आपल्याला कळतसुद्धा नाही, पण बनवणाऱ्यांनी तेवढी माया ठेवलीये.

गेम खेळायचा नसेल आणि नुसतं बघायचं असेल तर इंडी गेम द मूव्ही नावाची २०१२ ची डॉक्युमेंटरी बघा, सुपर मीट बॉय आणि फेझ बनवणाऱ्या माणसांवर आहे, गेम विकायला निघण्याआधीच्या रात्री माणूस कसा दिसतो ते त्यात दिसतं.

बाकी पैशांचं म्हणाल तर उन्हाळ्यात आणि डिसेंबरअखेर स्टीमवर सेल लागतो, यूपीआय चालतं, विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, किंमत उतरली की मेल येतो. राजी सोडला तर बाकी सगळे जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतात, स्टारड्यू आणि अनपॅकिंग फोनवरही आहेत. आणि सुरुवात करायची तर अनपॅकिंगपासून करा, एका रविवारी दुपारी संपतो, हेडफोन लावून खेळा म्हणजे तो चमचा नीट ऐकू येईल.

वेळ संपत आली, आतून खूण करतायत. आई, तू घरी ऐकतेयस मला माहितेय, वेण्बामध्ये आपण कवीनच्या भागापाशी थांबलोय, आता वही त्याच्या हातात जाणार आहे. मी साडेनऊपर्यंत पोचते. माझ्याशिवाय सुरू करू नकोस.