भंगारात निघालेल्या गाडीचे पुढे काय होते?

मराठवाड्यात मोटारगाडी सहसा एकाच मालकाकडे आयुष्य काढत नाही. छत्रपती संभाजीनगरात किंवा पुण्यात पहिली काही वर्षे वापरली गेलेली गाडी पुढे तालुक्याच्या गावी येते, तिथून एखाद्या वाडीवर किंवा तांड्यावर जाते आणि गॅरेजवाल्यांच्या हातून पुन्हा पुन्हा दुरुस्त होत, चालेल तितकी चालवली जाते. मग एक दिवस इंजिनाचे काम काढण्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि मालक ती वजनावर विकून टाकतो. त्याच्या दृष्टीने व्यवहार तिथे संपतो. गाडीत मात्र लोखंड, तांबे आणि शिसे असते, तसेच तेल आणि आम्लही असते. यांतली पहिली तीन विकली जातात. उरलेली दोन कुठे जातात, हा आपल्या भागात फार काळजीने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आधी कागदांविषयी थोडे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 55 नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने 14 दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. गाडी नुसती भंगारवाल्याच्या हवाली केली, तर कागदोपत्री ती मालकाच्याच नावावर जिवंत राहते आणि तिचा क्रमांक चोरीच्या गाडीला लागण्याची वाट मोकळी राहते. सप्टेंबर 2021 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांची व्यवस्था उभी केली. तिथे गाडी चोरीची नाही ना, तिच्यावर कर्जाचा बोजा नाही ना, हे तपासले जाते आणि मालकाला गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. नवी गाडी घेताना त्यावर मोटार वाहन करात सवलत देण्याची तरतूद असून, तिची कमाल मर्यादा खासगी वाहनांना 25 टक्के आणि वाहतुकीच्या वाहनांना 15 टक्के आहे.

आता मुख्य कामाकडे वळू. गॅस कटर पेटवण्यापूर्वी गाडी पूर्ण रिकामी करावी लागते. सर्वांत आधी बॅटरी निघते, कारण तिच्यात शिसे आणि गंधकाम्ल असते आणि तिच्यातून प्रवाह चालू असताना इंधनाजवळ ठिणगी पडणे परवडणारे नसते. त्यानंतर टाकीतले इंधन काढले जाते. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरचा नट सोडला, की काळे, जळकट वासाचे तेल आधी धारेने आणि मग बराच वेळ थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडत राहते. घाईत काम करणारा माणूस धार थांबली की भांडे काढून घेतो आणि उरलेले तेल जमिनीवर सांडते. गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल वेगवेगळे साठवले जाते. रेडिएटरमधल्या कुलंटबाबत, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबाबत, तर विशेष दक्षता हवी. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे उघड्यावर सांडलेले कुलंट मोकाट जनावरांच्या जिवावर बेतू शकते. एसीमधला वायू यंत्राने ओढून टाकीत भरावा लागतो. मोटारींमध्ये सर्रास वापरला जाणारा आर-134ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

हे सारे पक्क्या, तेल न शोषणाऱ्या फरशीवर व्हायला हवे, हा नियम मराठवाड्यात केवळ कागदी मानणे धोक्याचे आहे. आपल्याकडचे भूजल काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये साठते. या भेगांतून पाणी जसे उतरते, तसे तेलही उतरते, आणि ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावाला एकही विहीर नासणे सोसणारे नाही.

गाडी रिकामी झाली, की खोलणारे कारागीर पुढे येतात. अल्टरनेटर, दारे, दिवे, काचा असे चालू स्थितीतले भाग पुन्हा बाजारात जातात. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार विटकर असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे लोहाराकडे जातात आणि त्यांतून कोयते घडतात. चासी क्रमांक कोरलेला तुकडा मात्र स्वतंत्र कापून जपून ठेवावा लागतो, म्हणजे तो क्रमांक पुन्हा कोणत्याही गाडीवर बसत नाही.

गाडीच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग लोखंड आणि पोलादाचा असतो. हा पत्रा दाबयंत्रात चेपून त्याचे गठ्ठे बांधले जातात आणि ते पोलादभट्ट्यांकडे रवाना होतात. त्यासाठी मराठवाड्याला दूर जावे लागत नाही, कारण जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता बनवलेले सच्छिद्र लोखंड) वितळवूनच बांधकामाच्या सळया तयार करतात. भट्टीत सुमारे 1600 अंश सेल्सिअसला रस होतो, त्याचे लांब ठोकळे ओतले जातात, आणि ते रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडताच त्यांच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. त्यामुळे सळईचा बाहेरचा थर कठीण होतो आणि गाभा लवचीक राहतो.

इथे खोलणाऱ्या कारागिराच्या चोखपणाची कसोटी लागते. पत्र्यात वायरिंग राहून गेले, तर त्यातले तांबे पोलादाच्या रसात मिसळते. एकदा मिसळलेले तांबे नेहमीच्या भट्टीत वेगळे काढता येत नाही आणि ते प्रमाणाबाहेर गेले तर तापलेल्या ठोकळ्याला रोलिंगमध्ये चिरा पडतात. वायर ओढून काढणाऱ्या माणसाची मजुरी कमी असते, पण सळईची गुणवत्ता त्याच्या हातात असते. त्याला हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षण मिळणे हा त्याचा हक्क आहे. वायर उघड्यावर जाळून तांबे काढण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी दिसते, तिचा विषारी धूर सर्वांत आधी त्याच्याच छातीत जातो.

चांगले वेगळे केलेले भंगार देशाच्या किती कामाचे असते, हे 2019 च्या राष्ट्रीय पोलाद भंगार पुनर्वापर धोरणात नोंदवलेले आहे. 1 टन भंगार वापरले, की 1.1 टन लोहखनिज, 630 किलो कोकिंग कोळसा आणि 55 किलो चुनखडी वाचते.

शेवटी उरतात सीटचा फोम, कापड, मिश्र प्लास्टिक आणि रबराचे तुकडे. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नियमांनी आयुष्य संपलेल्या गाड्यांची जबाबदारी वाहन उत्पादकांवरही टाकली आहे, परंतु त्यांचे उद्दिष्ट पोलादाच्या वजनात मोजले जाते, आणि पोलादाला गिऱ्हाईक आधीपासूनच आहे. फोमला आणि मिश्र प्लास्टिकला सहजासहजी कोणी विचारत नाही. असा कचरा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतो, पण त्यासाठी तो कोरडा, निवडलेला आणि पुरेशा प्रमाणात गोळा झालेला असावा लागतो. एकट्या छोट्या भंगार दुकानाला हे जमणे अवघड आहे. तालुक्यातल्या दुकानांचा माल एकत्र गोळा करणारे केंद्र जवळपास असेल, तरच हा ढीग जागेवरून हलतो.