हाकेच्या पलीकडची जमीन

श्रोतेहो, नमस्कार.

१८५८ साली ऑटोमन तुर्कांनी जमिनीचा एक कायदा केला. 'मवात', म्हणजे मेलेली जमीन, कोणती याची खूण त्यात सांगितली आहे. गावाच्या शेवटच्या घरापाशी उभं राहून मोठ्यानं हाक मारायची. ती जिथं ऐकू येत नाही, तिथून पुढची ओसाड जमीन मवात. दीड मैल किंवा अर्ध्या तासाची चाल असंही माप दिलंय, पण मला ते हाकेचंच आवडतं. आमचं पोटच आवाजावर, त्याला काय करणार! असो. जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा वेस्ट बँक हा प्रदेश तेव्हा तुर्कांच्याच राज्यात होता. तिथल्या आजच्या ज्यू वसाहती टेकड्यांच्या माथ्यावरच का दिसतात, याचं निम्मं उत्तर या कायद्यात आहे.

या प्रदेशात एक दक्षिणोत्तर डोंगररांग आहे. हेब्रॉन, बेथलेहेम, जेरुसलेम, रामल्ला, नाब्लुस ही जुनी शहरं तिच्यावर ओळीनं बसलेली, आणि तिथूनच साठ क्रमांकाचा रस्ता जातो. पॅलेस्टिनी गावं बहुतेक उतारावर, झऱ्याच्या आसऱ्यानं. दगडी ताली घालून केलेल्या पायऱ्यांवर ऑलिव्हची झाडं. वरचा माथा खडकाळ, नांगर न लागलेला. तिथं आता लाल कौलांची घरं वर्तुळात उभी आहेत. वसाहतींची नावंही चढावरची: 'गिवात' म्हणजे टेकडी, 'हार' म्हणजे डोंगर, 'मआले' म्हणजे चढण.

जून १९६७ च्या युद्धात हा प्रदेश इस्रायलच्या ताब्यात आला. सप्टेंबरात परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सरकारला गोपनीय टिपण दिलं: ताब्यातल्या प्रदेशात नागरी वस्ती करणं चौथ्या जिनिव्हा कराराच्या विरुद्ध ठरेल. युद्धात ताब्यात घेतलेल्या प्रदेशात आपले नागरिक हलवायला हा करार मनाई करतो. त्याच महिन्यात क्फार एत्झिऑन पुन्हा वसवलं गेलं. ही वस्ती १९४८ च्या युद्धात ज्यूंनी गमावली होती, त्यामुळे परतणाऱ्यांच्या लेखी ते घरी जाणंच होतं.

सुरुवातीला 'लष्करी गरज' म्हणून जमिनी घेतल्या जात. १९७९ साली नाब्लुसजवळच्या रुजैब गावचे शेतकरी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या जमिनीवर एलोन मोरे ही वसाहत उभी राहत होती. गंमत अशी, की तिथल्या वसाहतवाल्यांनीच शपथेवर सांगितलं: आम्ही आलोय ते धर्माची आज्ञा म्हणून, सुरक्षेसाठी नव्हे. माजी लष्करप्रमुख हाइम बार-लेव्ह यांनीही लष्करी गरजेचा दावा खोडला. न्यायालयानं जमीन परत करायला लावली. वसाहत हलली ती कबीर डोंगरावर, आणि आजही तिथं आहे.

या निकालानंतर सरकारनं जुना तुर्की कायदा बाहेर काढला. सलग तीन वर्षं न कसलेली जमीन सरकारजमा होऊ शकते, अशीही त्यात तरतूद होती. सातबाऱ्यासारखी नोंद बहुतेक जमिनींची झालीच नव्हती, आणि जी मोजणी चालू होती ती १९६८ मध्ये लष्करी हुकमानं थांबली होती. मग पडीक काय उरलं? माथेच!

नव्वदच्या दशकापासून तर मंजुरीशिवायच्या चौक्या, म्हणजे छोट्या वस्त्या, उभ्या राहू लागल्या. १९९८ मध्ये परराष्ट्रमंत्री एरियल शेरॉन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, टेकड्या ताब्यात घ्या. मिग्रॉन या चौकीची सुरुवात मोबाइलच्या टॉवरनं झाली. साठ क्रमांकाच्या रस्त्यावर रेंज मिळत नाही, ही तक्रार. टॉवर आला, मग टॉवरला राखणदार, मग कंटेनरची घरं आणि कुटुंबं. जमीन पॅलेस्टिनी मालकांची निघाली, आणि २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं चौकी उठली.

इस्रायल सरकारचं म्हणणं असं, की १९६७ पूर्वी इथं जॉर्डनची सत्ता होती, पण ती जगानं मानली नव्हती; म्हणून प्रदेश व्याप्त नाही, वादग्रस्त आहे. शिवाय लोक आपखुशीनं राहायला गेले, कुणी त्यांना 'हलवलं' नाही. मला यात वकिली जास्त दिसते. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये या वसाहती बेकायदा असल्याचं मत दिलं. सुरक्षा परिषदेनं २०१६ मध्ये तेच म्हटलं. अमेरिकेनं २०१९ मध्ये त्या बेकायदा नाहीत असं म्हटलं आणि २०२४ मध्ये शब्द फिरवला.

मे २०२५ मध्ये इस्रायल सरकारनं आणखी २२ वसाहती जाहीर केल्या. त्यातल्या काही टेकड्यांवर आधीच्या विनापरवाना चौक्या होत्या. तिथं माणसं राहतच होती.