यादीतली उजळलेली अक्षरं
(नागपुरात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, कोड लिहायच्या एडिटरमध्ये दोन-तीन अक्षरं टाइप केली की कर्सरखाली ऑटोकम्प्लीटची यादी उघडते आणि प्रत्येक नावातली जुळलेली अक्षरं वेगळ्या रंगात दिसतात. हे नाव यादीत का आलं, याचं एडिटरने दिलेलं उत्तर म्हणजे तो रंग. म्हणून तो खरा असला पाहिजे, एवढंच आज मला सांगायचं आहे.

नाव सुरुवातीपासून जुळत असेल तर प्रश्नच नाही. फझी मॅचिंगमध्ये मात्र अक्षरं त्याच क्रमाने आली की पुरे, मध्ये कितीही जागा सुटली तरी चालते. समजा, आपल्या शहरातल्या वस्त्यांची नावं फाइलमध्ये आहेत आणि तुम्ही 'नवन' टाइप केलंत. 'नंदनवन' यायलाच हवं. पण त्यातले कोणते 'न' उजळायचे? डावीकडून पहिलं सापडेल ते उचलणारा अल्गोरिदम सुरुवातीचा 'न' घेतो आणि मग उडी मारून 'व' आणि शेवटचा 'न'. वास्तविक 'नवन' शेवटी सलग बसलेलं आहे! नाव बरोबर सापडलं, पण वाचणाऱ्याची नजर उगाच दोन ठिकाणी गेली.

एफझेडएफ हे टर्मिनलमधलं शोधसाधन यासाठी स्मिथ-वॉटरमन अल्गोरिदमचं सुधारित रूप वापरतं. मूळ पद्धत १९८१ची, जीवशास्त्रातली. डीएनए किंवा प्रथिनांच्या साखळ्यांतले जुळणारे तुकडे शोधण्यासाठी केलेली. एफझेडएफमध्ये सलग जुळणीला जादा गुण, शब्दाच्या आरंभाला जादा गुण, मधल्या फटीला दंड, आणि सर्वांत जास्त गुणांची जुळणी निवडायची. थोडा जास्त वेळ लागतो, तो द्यावा.

माझा आग्रह असा की गुण देताना ज्या जागा ठरल्या, त्याच रंगवा. विम या एडिटरमधलं 'मॅचफझीपॉस' हे फंक्शन नावं, जागा आणि गुण एकत्रच परत देतं. रंगवणारा कोड स्वतः वेगळा शोध घेऊ लागला की एकाच प्रश्नाची दोन उत्तरं तयार होतात. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एडिटर आणि त्याला नावं सुचवणारा प्रोग्राम यांच्यातल्या संवादाच्या नियमांत, तर दाखवायचं 'लेबल' आणि गाळणीसाठीचा 'फिल्टरटेक्स्ट' वेगळे असू शकतात. एकातल्या जागा दुसऱ्यावर रंगवल्या तर भलतीच अक्षरं उजळतील. अशा वेळी काहीच न रंगवणं बरं.

आता आपल्या लिपीकडे येतो, कारण इथे खरी कसोटी लागते. 'विदर्भ' हा शब्द घ्या. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत १८ बाइट, युनिकोडचे ६ कोडपॉइंट (म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक), आणि वाचणाऱ्याला दिसतात ३ अक्षरं: वि, द, र्भ. तुम्ही 'विदर' टाइप केलंत तर कोडपॉइंटच्या हिशोबाने पहिले चार जुळले. पण तो चौथा 'र' पडद्यावर 'भ'च्या डोक्यावर रफार होऊन बसलेला आहे. तिथेच रंग बदलला तर अक्षर मधूनच तुटू शकतं आणि सुटलेल्या हलन्तासोबत ते ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. 'महाराजबाग'मध्ये 'माग' शोधलं तर याहून विचित्र प्रकार होतो: 'म' उजळतो, आणि पुढे 'हा'चा नुसता काना. त्या नावात 'मा' कुठेच नाही.

म्हणून तुलना पूर्ण अक्षरांची करावी. फक्त शेवटचं अक्षर अपुरं चालवून घ्यावं, कारण टाइप करणारा अजून थांबलेला नाही. 'विदर'मधला 'र' ही 'र्भ'ची सुरुवात मानायची आणि 'र्भ' अख्खा उजळायचा. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने, म्हणजे २०२३ साली, देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आणला. त्याआधीच्या नियमांवर लिहिलेली लायब्ररी 'र्' आणि 'भ' यांच्यामध्ये अजूनही चीर पाडते, तेव्हा वापरण्याआधी तिची आवृत्ती तपासा.

रंगाबद्दल थोडक्यात. निवडलेल्या ओळीची पार्श्वभूमी वेगळी असते आणि तिच्यावर नेहमीचा हायलाइट बुडून जातो. विममध्ये २०२४ साली जुळलेल्या अक्षरांसाठी 'पीमेन्यूमॅच' आणि निवडलेल्या ओळीसाठी 'पीमेन्यूमॅचसेल' असे रंग ठरवणारे दोन वेगळे गट आले, ते याचसाठी उपयोगी आहेत. दोन्ही ठिकाणी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) गुणोत्तर निदान ४.५ : १ ठेवा. रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांसाठी रंगाबरोबर ठळकपणाही द्या. अधोरेखन मराठीसाठी मी सुचवणार नाही, कारण ती रेघ थेट उकारांतून जाते आणि 'पु' की 'पू' हेच कळेनासं होतं.