काठ नसलेल्या नद्या

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'नदीवेडे' म्हटलं. आमच्या घरी त्यातला पहिला शब्द गाळतात. (हशा)

विषय आहे, जमिनीवर झाडं नव्हती तेव्हा नद्या कशा वाहायच्या. पण आधी बदामी. सहकुटुंब गेलो होतो, म्हणजे सतरा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या लेण्यात सगळे शेषावर बसलेल्या विष्णूसमोर, आणि मी बाजूच्या कोऱ्या भिंतीला नाक लावून. मेव्हणे म्हणाले, "दाजी, देव इकडं आहे." मी म्हटलं, हे लेणं शके 500 चं; ही भिंत त्याच्या कित्येक कोटी वर्षं आधीची. "मग वडीलधारी म्हणून पाया पडताय का?" (हशा) भिंतीवरच्या तिरक्या रेघा त्यांना छिन्नीच्या वाटल्या. त्या वाळूच्या आहेत. पाणी वाळू ढकलत नेतं, ती पुढच्या उतारावरून घसरते, थरावर थर चढतो. लेणी कोरली तो खडक म्हणजे नदीची वाळूच, आणि ती नदी जमिनीवर झाडं यायच्या आधीची.

आता माझी जुनी तक्रार. पोराला चित्र काढायला सांगा: दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठावर नारळ. वाकडा, पण नारळ हवाच. त्यातला नारळ खोडा, शेजारचं गवतही खोडा, आणि नदी तशीच ठेवून दाखवा! आपण नदी म्हटलं की पाणी बघतो. काठ कोणी धरून ठेवलाय, ते कोणी विचारत नाही. माझ्या नातीला विचारलं, तर म्हणाली, "पट्टीने काढलाय."

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर, जमिनीवर पहिल्या वनस्पती आल्या साधारण 47 कोटी वर्षांपूर्वी, शेवाळासारख्या बुटक्या. खोल मुळांची झाडं डेव्होनियन काळात, म्हणजे साधारण 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी पाऊस पडला की पाणी अडवायला काही नाही, किनारे ढासळायचे, नदी उथळ नि रुंद पसरून शेकडो धारांत फुटायची. बारीक चिखल थेट समुद्रात. केंब्रिजचे भूवैज्ञानिक मॅकमहन आणि डेव्हीस यांनी 2018 मध्ये नद्यांनी रचलेले सातशेहून जास्त शैलसमूह, म्हणजे खडकांच्या थरांचे गट, तपासले: वनस्पतींच्या आधीच्या खडकांत चिखल नावापुरता, नंतर भरपूर.

पण वळणं झाडांनीच दिली, असंही म्हणू नका. मी वीस वर्षं तेच शिकवत होतो. अमेरिकेत नेवाडातल्या तोयाबे खोऱ्यात आजही झाडाझुडपांविना नागमोडी वाहणारे प्रवाह आहेत. 2020 च्या अभ्यासात दिसलं, की अशी वळणं झाडी असलेल्या नद्यांच्या दसपट वेगाने सरकतात. म्हणजे झाडांनी नदीला वळण लावलं नाही, तिची धावपळ कमी केली.

स्लाइड राहिल्या. बदामीला गेलात तर एवढंच बघा: त्या रेघा ज्या बाजूला खाली उतरतात, तिकडे पाणी जात होतं. मेव्हणे हल्ली हे गाइडलाच समजावून सांगतात.