दुखत नव्हतं, म्हणून दाखवलं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेहाच्या दवाखान्यात एक वाक्य सारखं कानावर पडतं: "दुखत नव्हतं हो, म्हणून दाखवलं नाही." तळव्याला रुपयाएवढी जखम, कडेनं पांढरा घट्टा, मोजा पुवानं चिकटलेला, आणि माणूस चक्क चालत आलेला! पायात संवेदना असती, तर त्याला तो पाय टेकवताही आला नसता.

वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा निकामी होऊ लागतात, आणि सुरुवात होते पायाच्या बोटांपासून. मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. काहींची चप्पल वाटेत निसटते आणि चार पावलं पुढं गेल्यावर ते ध्यानात येतं. पुढं आगही थांबते, घरच्यांना हायसं वाटतं, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. घाम येईनासा झाल्यानं टाचा भेगाळतात. बोटं आखडतात, चालताना सगळा भार एकाच जागी पडतो, तिथं घट्टा धरतो आणि त्याच्याखाली जखम होते.

म्हणून रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. पावसाळ्यात चिखल्या होतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष नको. टाचेला खोबरेल तेल लावा, बेचक्यांत मात्र नको. जोडवी रुतत असतील तर सरळ काढून ठेवा.

गरम पाण्यानं पाय शेकणं बंद. आंघोळीचं पाणीसुद्धा आधी कोपरानं बघा. देवदर्शन सोडा असं मी म्हणणार नाही, पण चैत्र-वैशाखात भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा म्हणजे तळव्याला फोड ठरलेलेच. सकाळी लवकर जाऊन या.

अंगठ्याची स्लिपर घरातही नको. मागं पट्टा असलेली, मऊ एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराच्या तळाची सँडल घ्या, आणि ती संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. बूट घालताना आत हात फिरवून बघा. खडा असतो, कधी खिळा वर आलेला असतो. कुरूप ब्लेडनं कापू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्टीतलं सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही जाळतं.

जखम झालीच तर हळद, चुना काही भरू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडी पट्टी बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसत्या मलमपट्टीनं भागत नाही, त्या जागेवरचा भार काढावा लागतो. त्यासाठी कधी प्लास्टरही घालतात. जखम भरल्यावरही जपा: दहातल्या चौघांना वर्षभरात पुन्हा जखम होते.

आणखी एक. एकच पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय, पण फारसं दुखत नाही, तर लचकला म्हणून मालीश करत बसू नका. आतली हाडं मोडत असू शकतात. याला शार्को फूट म्हणतात. पहिल्या एक्स-रेत कधी काहीच दिसत नाही, तरी भार बंद करून तज्ज्ञाला दाखवा.

आणि वर्षातून एकदा तरी दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्यानं तळव्याची संवेदना तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. डॉक्टर विसरले तर तुम्हीच मोजे काढून पाय पुढं करा.

नमस्कार.