बाळ झोपलंय, हळू वाजव

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय माउथ ऑर्गनबद्दल, त्यातही ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारातल्या माउथ ऑर्गनबद्दल, ज्याला वाजवणारे नुसतं हार्प म्हणतात. दहा होल, वीस रीड, म्हणजे श्वासानं थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पात्या, आणि खिशात मावते. आणि प्रश्न तो, जो प्रत्येक नवीन वाजवणारा मला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, की तो जाड, भरलेला, कडेला जरासा फाटलेला आवाज कुठल्या माइकनं येतो, कुठल्या अ‍ॅम्पनं येतो? उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण इथे मागे जाऊन परत ऐकता येत नाही. आवाज आधी श्वासात आणि ओंजळीत तयार होतो, माइक आणि अ‍ॅम्प त्याला मोठं करतात. परत सांगतो, आधी श्वास, मग ओंजळ, मग सामान.

आता तो किस्सा सांगतो, कारण हे सगळं मला त्या एका रात्रीत कळलं.

मला वाजवायला लागून दोनेक वर्षं झाली होती. पैसे साठवून साठवून एक बुलेट माइक घेतला होता, मुठीएवढा, गोळीच्या आकाराचा, आणि एक छोटा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प. फोटोत जे जे थोरामोठ्यांच्या हातात दिसतं ते सगळं माझ्याकडे होतं आणि तरी आवाज पातळ, टोचणारा, आणि जरा व्हॉल्यूम वाढवला की अ‍ॅम्प शिट्टी मारायला लागायचा. मला खात्रीच होती की माइकच्या आतला आवाज पकडणारा भाग, एलिमेंट, गेलाय. मी ज्यांना दादा म्हणायचो, वयानं आणि वाजवण्यानंही मोठे, त्यांच्याकडे एका रात्री सगळं सामान उचलून घेऊन गेलो, म्हटलं ऐका आणि सांगा काय बदलू.

दार वहिनींनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांची आठ महिन्यांची मुलगी आतल्या खोलीत नुकतीच झोपली होती, मधे नुसता पडदा. मी कुजबुजत म्हटलं, मग उद्या येतो. दादा म्हणाले, "नाही, आजच बस. बाळ झोपलंय, हळू वाजव."

अ‍ॅम्प लावला, व्हॉल्यूम एकवर, म्हणजे जवळजवळ बंदच, म्हटलं आता कसला आवाज होणार. ड्रॉ टू घेतला, म्हणजे दोन नंबरच्या होलमधून श्वास आत ओढून येणारा सूर, सी पट्टीच्या हार्पवर जी, क्रॉस हार्प नावाच्या ब्लूजच्या पद्धतीत तोच आपला सा. एकच सूर घेतला आणि आतून रडणं ऐकू आलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, आत जाऊन थोपटत बसल्या. मला कळेना, अ‍ॅम्प तर बंदच आहे, मग बाळ उठलं कशानं? दादा म्हणाले, "अ‍ॅम्पनं नाही उठवलं, तू उठवलंस." आणि खरंच, ती पितळी रीड मी एवढ्या जोरानं ओढत होतो की हातातली हार्पच ओरडत होती. दोन वर्षं मी एकाच आवाजात वाजवत होतो, हळू आणि मोठं हा फरक मी बटणावर सोडून दिला होता.

बाळ परत झोपेपर्यंत आम्ही तिघंही गप्प बसलो. मग दादांनी माझा माइक घेतला, माझाच अ‍ॅम्प, फक्त हार्प त्यांची स्वतःची, पण माझ्यासारखीच, त्याच कंपनीची, त्याच पट्टीची. (हार्प दुसऱ्याला वाजवायला देऊ नये, मागूही नये, टूथब्रश जसा आपण कुणाला देत नाही तसंच, आणि मी हे ओळखीच्या माणसांनाही स्पष्ट सांगतो.) आणि त्यांनी व्हॉल्यूम एकवरून चारवर नेला. मी घाबरून हात पुढे केला, त्यांनी नुसती मान हलवली.

तोच ड्रॉ टू. कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही, आधी नुसती हवा होती, मग त्या हवेत सूर होता, गोल, तळाला जड, अ‍ॅम्प एकदम स्वच्छ. मग श्वास किंचित वाढवला तर सुराच्या कडेला खर आली, परत कमी केला तर खर गेली. बटणाला हात लावला नाही, सगळे बारा बार, म्हणजे ब्लूजचं एक पूर्ण आवर्तन, असेच, आणि शेवटच्या दोन बारमधे ते एका जागी असे चढले की माझ्या अंगावर काटा आला, मला वाटलं आता घर हादरलं. हादरलं काहीच नव्हतं. आधीचं सगळं इतकं एवढंसं होतं म्हणून ते मोठं वाटलं. पडद्यामागे चुळबूळसुद्धा नाही.

मग मला मोरीपाशी नेलं, म्हणाले ओंजळ कर, जशी माइकभोवती करतोस तशी. तांब्यानं पाणी ओतलं. करंगळ्यांच्या खालून सगळं गळून गेलं. म्हणाले, "जिथून पाणी गळतंय ना, तिथूनच तुझा बास गळतोय." हाताची ओंजळ बंद नव्हती म्हणून आवाज पातळ, पातळ म्हणून मी व्हॉल्यूम वाढवणार, वाढवला की शिट्टी, आणि मी शिव्या देतोय एलिमेंटला. त्या रात्री मी साडेअकरापर्यंत एकच सूर ओढत बसलो होतो. बाळ आणखी तीनदा उठलं. चौथ्यांदा नाही उठलं, आणि त्या चौथ्या सुराच्या वेळी माझाच माइक मला पहिल्यांदा जाड ऐकू आला.

तर श्रोतेहो, करायचं काय ते थोडक्यात. जबडा खाली, जीभ खाली, घसा जांभई देताना होतो तसा मोकळा, हार्प ओठांच्या टोकावर न ठेवता चांगली आत घ्यायची आणि श्वास पोटातून. ड्रॉ टू बेसूर किंवा घुसमटलेला येतो म्हणून हार्प खराब आहे असं समजणारे खूप असतात, बहुतेक वेळा हार्प ठीक असते, तोंडाच्या आतली जागा आवळलेली असते. आणि जोर लावून ओढलं की रीड उतरते, सूर खाली सरकतो, रोज तसंच केलं तर रीड थकते आणि एक दिवस कायमची बेसूर होते. म्हणून परत तेच, आधी श्वास, मग ओंजळ.

बेंडचंही, म्हणजे सूर मुद्दाम खाली वाकवण्याचंही, तसंच. सी हार्पवर जी हा सा धरला तर ड्रॉ थ्री म्हणजे शुद्ध ग, तिथून तो खाली कोमल ग, रे, अगदी कोमल रेपर्यंत ओढता येतो. ब्लूजचा जीव ज्या गंधारात आहे तो शुद्ध आणि कोमलच्या मधे कुठेतरी आहे. ती जागा जिभेच्या मागच्या भागानं शोधावी लागते, कुठल्याही माइकमधे ती विकत मिळत नाही.

सामानाला काही अर्थ नाही असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. लिटल वॉल्टर या अमेरिकन हार्पवाल्यानं 1952 मधे ज्यूक नावाची धून रेकॉर्ड केली, तेव्हा ओंजळीतला माइक आणि अ‍ॅम्प मिळून हार्पचा एक नवाच आवाज जगाला कळला, आणि तो सामानाशिवाय आला नसता. ग्रीन बुलेट आणि जेटी-30 हे माइक, फेंडरचा बासमन हा अ‍ॅम्प, ही नावं उगाच घेतली जात नाहीत. बासमन तर बास गिटारसाठी बनवलेला, हार्पवाल्यांनी तो आपला करून घेतला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प हळू वाजवलं की स्वच्छ राहतो, जोर दिला की फाटतो, पण त्याला आधी हळू द्यायला तर हवं ना! जो कायम जोरातच ओढतो त्याचा अ‍ॅम्प कायम फाटलेलाच. हल्ली रेकॉर्डिंगमधेही सगळं एकाच उंचीला आणून ठेवतात, कुजबुज आणि आरोळी सारखीच मोठी, मला ते ऐकवत नाही, कान दहा मिनिटांत थकतो.

आणि दुसरीकडे सनी टेरी हे हार्पवाले बघा, नुसत्या हातांची ओंजळ उघडमीट करून त्यांनी हार्पला बोलायला लावलं. सनी बॉय विल्यमसन, म्हणजे या एकाच नावाच्या दोन हार्पवाल्यांपैकी दुसरे, ते तर 1941 पासून अमेरिकेत हेलेनाच्या केएफएफए स्टेशनवरून रेडिओवर वाजवायचे, किंग बिस्किट टाइम नावाचा कार्यक्रम. रेडिओच्या माइकसमोर, आत्ता मी बसलोय तसेच. त्यांचा एखादा सूर इतका बारीक येतो की आपण आपोआप रेडिओजवळ सरकतो.

माझ्याकडे आत्ता हार्प आहे, सी पट्टीची. ओंजळीत माइक नाही, अ‍ॅम्प नाही, समोर हा स्टुडिओचा साधा माइक. मी ड्रॉ टू घेणार आहे, अगदी हळू सुरू करून. काचेपलीकडे बसलेल्या मित्राला सांगून ठेवलंय की लेव्हलच्या बटणाला अजिबात हात लावू नकोस. घरात पंखा मोठा असेल तर जरा कमी करा. ऐका.